रॉकचं जुनं गाणं आपल्या ढोल-ताशा-खंजिरीवर कसं बसवायचं

रॉकचं गाणं नुसत्या तालवाद्यांवर बसवायचं असेल तर आधी गाणं नीट निवडा, कारण अर्धं काम तिथंच होते. ज्या गाण्याची सगळी मजा गायकाच्या आवाजात किंवा शब्दांत आहे ते सोडून द्या, ते ढोलावर येत नाही. ज्या गाण्यात गिटारचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येते, ज्याला रिफ म्हणतात, आणि तो तुकडा तोंडानं 'डं डं डं' करून म्हटला तरी समोरचा ओळखते, ते गाणं घ्या. खेड्यातल्या ज्या पोट्ट्यानं इंग्रजी गाणी कधी ऐकली नाहीत त्यालाही हा तुकडा कुठंतरी कानावर पडलेला असते.

मी इथं डीप पर्पल या इंग्लंडच्या रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' घेऊन सांगतो, १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बममधलं. घ्यायचं कारण साधं आहे, हे गाणं सुरू कसं होते ते ऐका. आधी एकटी गिटार रिफ वाजवते, मग तिच्यासोबत ऑर्गन आणि हाय-हॅट (ड्रमसेटवरची पायानं मिटणारी झांजेची जोडी) येते, मग बाकीचे ड्रम, मग बेस गिटार, आणि हे सगळं जमल्यावर गायक तोंड उघडते. म्हणजे एकेक वाद्य कधी आत आणायचं हे त्या लोकांनी ५० वर्षांपूर्वीच आपल्याला करून दाखवलं आहे. आपल्याकडं पथक म्हटलं की पहिल्या ठोक्यापासून सगळेच सुटतात, ढोल सुटला की ताशा सुटला, ताशा सुटला की झांज सुटली, आणि मिरवणुकीत ते बरोबरच आहे, तिथं लोकांना नाचायचं असते. पण गाणं बसवताना कोण वाजवते यापेक्षा कोण कुठं थांबते हे आधी ठरवावं लागते. माझ्या मते बसवणं म्हणजे मुख्यतः हेच काम आहे, बाकी सगळं याच्या मागून येते.

त्याआधी एक वॉर्मअप सांगतो. क्वीन बँडचं १९७७ चं 'वुई विल रॉक यू' सगळ्या पथकाकडून हातापायानं वाजवून घ्या. दोनदा पाय आपटायचा, एक टाळी, एक रिकामी जागा, बस्स. त्या गाण्यात जवळपास शेवटापर्यंत पाय, टाळ्या आणि आवाजच आहेत, गिटार अगदी शेवटी येते. हे सोपं वाटते पण तीस जणांना उभं करून दोन मिनिटं करायला लावा, लय हमखास वाढत जाते, आणि ती कशामुळं वाढते तर रिकाम्या जागेत कोणालाच थांबवत नाही. ज्यांना ती रिकामी जागा पाळता येते त्यांना ओळखून ठेवा, पुढं ढोल त्यांच्याकडं द्यायचा आहे.

आता वही घ्या, चौकड्याची असली तर उत्तम. एका ओळीत आठ खोके पाडा, केरव्याच्या आठ मात्रा समजा. चार ओळी झाल्या की रिफ एकदा पुरी होते. मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या लयीत टिक-टिक करणारं, ॲप मोबाइलवर फुकट मिळते, मूळ गाण्याची लय मिनिटाला साधारण ११२ टिकच्या आसपास आहे, एका टिकमागं दोन खोके धरायचे. शिकताना ८० वर ठेवा.

रिफ सरगममध्ये अशी लिहिली जाते, आडवी रेघ खाली असलेला ग म्हणजे कोमल आणि डोक्यावर उभी रेघ असलेला म म्हणजे तीव्र, ऽ म्हणजे रिकामा खोका:

सा ऽ ग॒ ऽ म ऽ ऽ सा
ऽ ग॒ ऽ म॑ म ऽ ऽ ऽ
सा ऽ ग॒ ऽ म ऽ ऽ ग॒
ऽ सा ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ

मूळ गाण्यात सा म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. एकदा पेटीवर वाजवून पाहा, लगेच ओळखू येते. एकूण बारा ठोके आहेत आणि वीस खोके रिकामे आहेत. पहिल्या ओळीतला शेवटचा सा आठव्या खोक्यात पडते, म्हणजे समेच्या, ओळीच्या पहिल्या खोक्याच्या, आधीच निघून जाते, आणि पुढच्या ओळीची सम मोकळी राहते. आपल्या हाताला समेवर जोरात मारायची सवय आहे त्यामुळं हीच जागा चुकते. ही ओळ आधी सगळ्यांनी तोंडानं म्हणायची, वाद्याला हात लावायचाच नाही. भजनात बोल तोंडपाठ झाल्याशिवाय आपण हात चालवत नाही, इथंही तोच नियम ठेवा.

आता प्रश्न येते की हे सूर वाजवायचे कशावर. ढोल-ताशाला असा ठरलेला सूर नसते, पेटी किंवा बेंजो घेतला तर मग ते तालवाद्यांचं काम राहत नाही. याला मस्त उपाय आहे, जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. विहिरीच्या, बोअरच्या, नळाच्या कामातून उरलेला अर्धा इंची पाइप खेड्यात कुठंही पडून असते. एकाच पाइपाचे तुकडे पाडायचे, दोन वेगळ्या पाइपांचे मिसळायचे नाहीत, कारण जाडी बदलली की हिशोब बिघडते.

हिशोब असा आहे. आडव्या पाइपावर काठी मारली की त्याचा सूर लांबीच्या वर्गाच्या उलट चालते, म्हणजे लांबी अर्धी केली तर सूर दुप्पट नाही, चौपट वर जाते. वरचा सा पाहिजे असेल तर लांबी ०.७०७ पट ठेवायची. ६० सेंटिमीटरचा तुकडा कापा, त्यातून जो सूर निघेल तो तुमचा सा, तो पांढरी पाच आहे की नाही याची काळजी करू नका. मग कोमल रे ५८.३ सेंटिमीटर, कोमल ग ५५, शुद्ध म ५१.९, तीव्र म ५०.५. खालच्या बाजूला मंद्र कोमल नी ६३.६ आणि मंद्र प ६९.३. असे सात तुकडे होतात, मिळून चार मीटरच्या थोडं वर, सहा मीटरच्या एका पाइपात आरामात बसते.

सात कशाला, रिफमध्ये तर चारच सूर आहेत, असं कोणी विचारेल. तर मूळ गाण्यात गिटारवाला रिची ब्लॅकमोर हा रिफ एका तारेवर वाजवत नाही, दोन तारा एकदम छेडते, प्रत्येक सुराखाली त्याचा चौथा सूर असते. म्हणून सा सोबत मंद्र प, कोमल ग सोबत मंद्र कोमल नी, म सोबत सा, आणि तीव्र म सोबत कोमल रे. पाहा, सा आधीच आहे, मंद्र कोमल नी आणि कोमल रे अंतरा-धृपदासाठी लागणारच आहेत, म्हणजे जोडीसाठी फक्त मंद्र प हा एकच पाइप जास्तीचा कापावा लागते. आणि ही जोडी वाजली की जो भारदस्तपणा येते तो एकट्या सुरात येत नाही. वाजवणाऱ्यानं दोन हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि दोन्ही एकदम पाडायच्या, एक जरी मागं पडली तर ऐकणाऱ्याला खडखड वाटते.

कापताना मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्तच ठेवा आणि मग कानशीनं घासत सुरात आणा. घासलं की सूर चढते, उतरवता येत नाही. पेटीवर मिळवा किंवा मोबाइलमधल्या ट्यूनर ॲपवर. पाइप ठेवायचा कुठं टेकवून हेही महत्त्वाचं आहे, दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पाइपाला दोन्हीकडून १३.४ सेंटिमीटरवर. त्या जागी पाइप जवळजवळ हलत नाही, म्हणून तिथं टेकवला तर सूर लांबते, दुसरीकडं टेकवला तर 'टक' होऊन बसते. लाकडाच्या दोन पट्ट्यांवर सुतळी ताणून त्यावर पाइप ठेवा, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर ठेवले तरी चालते. मारायला बोटभर जाडीची काठी, टोकाला ट्यूबच्या पट्टीचे तीन-चार वेढे. नुसत्या काठीनं मारलं तर आवाज कर्कश येते आणि सुराऐवजी लोखंडच ऐकू येते.

बेससाठी चार इंची पीव्हीसी पाइप घ्या, लांब तुकडा, आणि तोंडावर रबरी चपलेनं मारा. याची लांबी मी आकड्यात सांगत नाही, मोठा तुकडा घेऊन थोडा थोडा कापत या, तुमच्या सा शी जुळला की थांबा. मूळ गाण्यात रॉजर ग्लोव्हरचा बेस जवळपास प्रत्येक खोक्यावर एकसारखा धडधडत राहते, तेच काम हा पाइप करेल. मारणाऱ्याचा हात दुखते, म्हणून दोघांनी मिळून आलटून पालटून मारा.

वाद्यांची वाटणी आता. हाय-हॅटचं काम टाळाला द्या, पण भजनातला खुला टाळ नाही, दोन्ही वाट्या बोटांनी दाबून 'चिक चिक' असा बंद आवाज, आठही खोक्यांवर सारखा. बेस ड्रम म्हणजे ढोल, पहिला आणि पाचवा खोका. स्नेअर म्हणजे ताशा, तिसरा आणि सातवा खोका, फक्त तिसरा आणि सातवा. सगळ्यात जास्त भांडण याच जागी होते. ताशेवाला हा पथकातला हुशार माणूस असते, त्याचे हात भराभर चालतात, आणि त्याला तुम्ही आठ खोक्यांत दोनच काड्या मारायला सांगता. आमचा ताशेवाला पोट्टा मला म्हणाला, "दादा, मी इथं काय करून राहिलो मग? एवढं तर माझी आजी वाजवेल." मी त्याला म्हटलं, "बरं, एकदा तू थांब, टाळी मी वाजवतो तुझ्या जागेवर." पाइप आणि ढोल सुरू झाले, मी तिसऱ्यावर आणि सातव्यावर टाळी दिली, आणि मधेच टाळी बंद केली. रिफ तीच, ढोल तोच, पण सगळं एकदम पांगळं झालं. त्यानं काही न बोलता काड्या उचलल्या आणि बरोबर सातव्यावर आत आला, आणि मग शेवटपर्यंत एक काडी जास्तीची मारली नाही. त्याच्या हुशारीसाठी सोलो ठेवला आहे, ते पुढं सांगतो.

डफ टॉम-टॉमच्या जागी, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना जी भरती लागते ती त्यानं करायची. चार ओळी संपताना शेवटच्या चार खोक्यांत, बाकी वेळ गप्प. ढोल किती घ्यायचे? तुमच्याकडं दहा असले तरी दोन घ्या. पाइपांचा आवाज नाजूक असते, दहा ढोलांखाली तो दबून मरते. पाइप सगळ्यात पुढं, त्यासमोर एक माइक, ढोल मागच्या रांगेत, आणि तरी जड वाटले तर ढोलाच्या पानावर फडकं बांधा.

आता गायकाची ओळ. इथं लोक सनई नाहीतर कीबोर्ड घुसवतात, तसं करू नका. विदर्भात आपल्याकडं खंजिरी आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं ती गावोगावी पोचली, मोझरीपासून पार झाडीपट्टीपर्यंत कोणत्याही गावात विचारा, खंजिरी बोलवणारा एक तरी म्हातारा माणूस सापडते. बोलवणारा हाच शब्द बरोबर आहे, कारण चांगला खंजिरीवाला भजनातला प्रत्येक शब्द चामड्यावर उमटवते. आमच्याकडं भजन मंडळातल्या काकाजींना मी गाणं मोबाइलवर ऐकवलं. इंग्रजी त्यांना येत नाही आणि त्याची गरजही पडली नाही. डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले, "अजून एकदा लाव गा, तो कुठं श्वास घेते ते पाहू दे." तिसऱ्यांदा लावल्यावर बोटं मांडीवर चालायला लागली. गायक जिथं शब्द तोडते तिथं त्यांनी बंद थाप घेतली, जिथं ओढते तिथं खुली थाप घेऊन अंगठ्यानं चामडं दाबत सूर वर चढवला.

तुम्हाला असं कोणी मिळालं नाही तर पद्धत ही, गाण्याची ओळ बोलल्यासारखी म्हणा, सुरात नाही, आणि कोणत्या खोक्यावर कोणतं अक्षर पडते ते वहीत मांडा. जोराच्या अक्षराला खुली थाप, हलक्या अक्षराला बोटाचा टिचका, अर्धवट अक्षराला बंद. अर्थ समजला पाहिजे असं नाही, पण ओळ कुठं चढते आणि कुठं उतरते ते हाताला समजलंच पाहिजे. दोन खंजिऱ्या घ्या, एक जरा उतरलेली, एक चढलेली, आणि ओळी आलटून पालटून द्या.

हे गाणं कशावर आहे तेही पोरांना सांगून टाका, वाजवण्यात फरक पडते. स्वित्झर्लंडमध्ये मोंट्रोच्या कसिनोत ४ डिसेंबर १९७१ ला फ्रँक झाप्पा या अमेरिकन गिटारवाल्याचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ उडवणारी बंदूक) उडवली, कसिनोला आग लागली, आणि धूर समोरच्या तळ्यावर पसरला. डीप पर्पल तिथं रेकॉर्डिंगसाठीच आले होते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे हे मौजमजेचं गाणं नाही, पाहिलेली गोष्ट सांगणारं आहे, आपल्या पोवाड्यासारखं. म्हणून अंतऱ्यात खंजिरी सांगणारी पाहिजे, नाचणारी नको.

अंतऱ्यात रिफ वाजत नाही हे ध्यानात घ्या. पुष्कळ जण अंतऱ्याखालीही रिफ चालूच ठेवतात कारण ती सगळ्यांना आवडते, आणि मग परत आली तरी कोणाला काही वाटत नाही. अंतऱ्यात पाइपवाल्यानं फक्त सा हलका ठेवायचा, मधे कोमल नी वर उतरून परत सा वर यायचं. टाळ, ढोल, ताशा चालू, बेस चालू, वर खंजिरी. धृपदात पाइप म वर जातात, मग कोमल रे, मग सा. तो कोमल रे वरून सा वर येणारा उतार दोन्ही ढोलांनी पाइपासोबत एकदम मारायचा, दुसरीकडं कुठंच ढोलांनी सुरासोबत जायचं नाही, म्हणजे धृपद आपोआप उठून दिसते. लोकांना सोबत घ्यायचं असेल तर धृपदाच्या ओळीवर पाइपांखाली टाळ्या मागा, गाणं येत नसलं तरी टाळी कोणालाही देता येते.

सोलोच्या जागी आता ताशा. गिटारचा सोलो जसाच्या तसा उतरवायच्या भानगडीत पडू नका, ताशानं ताशाचंच वाजवावं. फक्त लांबी बांधून द्या, आठ ओळी, म्हणजे चौसष्ट खोके, आणि त्यात पहिल्या दोन ओळी जवळजवळ रिकाम्या ठेवायला सांगा. ढोल आणि टाळ खाली तसेच. सोलोत मोजणारा माणूस वेगळा ठेवा, टाळवाला सगळ्यात बरा, त्यानं सातव्या ओळीला हात वर करायचा म्हणजे सगळ्यांना कळते की परत यायचं आहे. गर्दीत तोंडी इशारा ऐकू येत नाही.

शेवटाचं काय? मूळ रेकॉर्डिंग हळूहळू विरत जाते, ते स्टुडिओत आवाजाची खुंटी फिरवून होते, मैदानात होत नाही. आपला शेवट आपणच करायचा. मी असा करतो, शेवटची रिफ दोनदा, पहिल्यांदा सगळे, दुसऱ्यांदा ढोल-ताशा बंद, फक्त पाइप आणि टाळ, आणि चौथ्या ओळीतला दुसऱ्या खोक्यावरचा तो एकटा सा आला की त्यावर सगळ्यांनी मिळून एकच ठोका. पुढं सहा खोके रिकामे. कोणी तिथं तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, जोडायचा हट्ट करेल, ती छान वाटते पण इथं गाण्याचा बांधा मोडते, नाही म्हणा.

सरावाचं थोडं. पहिले दिवस वाद्याविना, तोंडानं आणि टाळीनं. मग पाइप आणि टाळ, मग ढोल, मग ताशा, मग बेस, गाण्यात ज्या क्रमानं येतात जवळपास त्याच क्रमानं, म्हणजे आत कधी यायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. लयीत ८० वरून चार-चार आकडे वाढवत ११२ वर या, ज्या लयीला ढोल समेच्या आधी पळायला लागले तिथून एक पायरी खाली. लाइट गेली तरी सराव थांबत नाही हा या कामाचा मोठा फायदा आहे. सोयाबीन काढणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत पूर्ण पथक जमत नाही, तेव्हा दोघा-तिघांचे भाग वेगळे घ्या. घरी प्रत्येकानं आपल्या ओळीचा कागद मांडीवर ठेवून दुसऱ्याचा भाग तोंडानं म्हणायचा आणि आपला हातानं वाजवायचा, यानं जेवढा फायदा होते तेवढा दोन तासांच्या एकत्र सरावानंही होत नाही. ताशासमोर रोज बसणाऱ्यांनी कानात फोमचे इअरप्लग घाला, मेडिकलमध्ये मिळतात, कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही.

प्रत्येक सरावाची मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, मोबाइल वाजवणाऱ्यांजवळ नाही, जिथं लोक बसणार तिथं, वीस-पंचवीस पावलं लांब ठेवून. तिथं रिफचे बाराही ठोके वेगवेगळे ऐकू आले तर बसलं. नाही आले तर पाइपवाल्याला जोरात मार म्हणू नका, मागच्यांतलं कोण थांबू शकते ते पाहा, बहुतेक वेळा टाळ खुला झालेला असते किंवा डफ मधेमधे भरून राहिला असते.

कार्यक्रमाच्या दिवशी डफ आणि खंजिरी शेकायला माणूस ठरवून ठेवा. पावसाळी हवेत चामडं अर्ध्या तासात उतरते, गणपतीत तर जास्तच, म्हणून विस्तव मंचामागं जवळच पाहिजे, आणि दोन खंजिऱ्यांतली जी आपण मुद्दाम उतरलेली घेतली ती शेकायची नाही, तिचा आवाज तसाच पाहिजे. व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर गाण्याच्या मालकांकडून कॉपीराइटचा क्लेम येऊ शकते, वाद्यं बदलली तरी चाल त्यांचीच आहे. त्यामुळं वर्णनात मूळ गाण्याचं आणि बँडचं नाव लिहाच, आणि त्या व्हिडिओतून कमाई होईल असं धरून चालू नका.